गादीवरचा खळगा

हॉटेल बंद झालं त्या सकाळी माझी थोरली बहीण सवयीने मागच्या दाराशी गेली आणि पायरीवर झोपलेल्या माणसाला म्हणाली, "उठा काका, मालाच्या गाड्या यायची वेळ झाली."

मग तिच्याच लक्षात आलं, की आज एकही गाडी यायची नाही. उद्याही नाही.

छत्रीवाले काका तोवर उठून बसले होते. मोडक्या छत्र्या दुरुस्त करणारा माणूस. उशाला काड्यांची पिशवी, पायाशी तारेचं भेंडोळं. अकरा वर्षं ताई त्यांना रोज सकाळी सहाला उठवत होती. रागाने कधी नाही, हातात चहाचा कप घेऊनच. पण उठवायची. ते गेले की पायरीवर बादलीभर पाणी मारायची. रात्री इथे कुणी निजलं होतं, हे पाहुण्यांना कळता कामा नये, असा वरून हुकूम होता.

"आज पडा थोडं," ती म्हणाली.

"आता कसली झोप यायची बाई? तुम्ही सहाची सवय लावलीत."

ताई तळघरात आली. मी तिथे धुलाईच्या खोलीत शेवटच्या चादरींच्या घड्या घालत होते. तिने दोन टोकं धरली, दोन मी. तीस वर्षं आम्ही बहिणी अशाच समोरासमोर उभ्या राहिलो. ती वरच्या बारा खोल्यांची प्रमुख, मी खालच्या दोन मशीनची. आमच्या आईला हाताला काम लागलं की ओठाला ओळ लागायची. ती खोड आम्हा दोघींत उतरलेली. मी म्हटलं,

"चार हात, चार टोकं, मधे चादर नदीवाणी..."

पुढची ओळ तिची असायची. *दोन काठांवर उभ्या आम्ही बहिणी-बहिणी.* त्या दिवशी ती आलीच नाही.

"धाकटे," ताई म्हणाली, "वर बारा गाद्या उताण्या पडल्यात आणि माणूस पायरीवर."

"मग?"

"मग काही नाही. नीट धर, कोपरा सुटतोय."

माझ्या बहिणीचं 'काही नाही' मी लहानपणापासून ओळखते. त्यात निदान सहा महिन्यांचं काम असतं.

या वेळीही सहाच महिने निघाले. ताई मालकांकडे गेली, मला सोबत घेऊन. म्हणजे बोलायचं तिने आणि घाबरायचं मी. तिचं म्हणणं सरळ होतं. तळघरातली मशीन चालू ठेवायची. दातांचे दवाखाने, केस कापायची दुकानं, शेजारची अतिथिगृहं, सगळ्यांचे टॉवेल-चादरी धुवायला घ्यायच्या. त्या धुलाईच्या जोरावर वरच्या बारा खोल्या अशा लोकांना द्यायच्या, ज्यांना घर नाही. त्यांनी झेपेल तेवढं भाडं द्यायचं. ज्याला हवं त्याने खाली पगारावर काम करावं, नको त्याने करू नये. खोली कामासाठी नाही आणि काम खोलीसाठी नाही.

मालक ऐकत होते. त्यांच्या टेबलावर इमारत विकत घेणाऱ्याचं पत्र पडलं होतं, आणि ते त्यांनी झाकूनही ठेवलं नव्हतं.

"बाई, असे लोक टिकत नाहीत हो," ते म्हणाले. "चार दिवस राहतील, निघून जातील. लॉज चालवणं वेगळं."

"टिकले तर?"

मालकांनी आमच्याकडे पाहिलं. बहुधा तीस वर्षांची चाकरी आठवली असावी. "सहा महिने देतो. सहा महिन्यांनी मी स्वतः येऊन डोळ्यांनी बघेन. निम्म्या खोल्यांत माणूस महिनाभर तरी टिकलेला दिसला, तर दहा वर्षांचा करार करू. नाही तर मग मला विकू द्या."

निम्म्या म्हणजे सहा. जिना उतरताना ताई म्हणाली, "बाराच्या बारा भरून दाखवीन."

आणि माझ्या बहिणीने त्या खोल्या अशा काही सजवल्या, की हॉटेल जिवंत असतानाही तशा सजल्या नव्हत्या. चादर अशी ताणलेली, की गादीवर सुरकुती दिसली तर ती ताईच्या कपाळावरची असावी. कोपरे पाकिटासारखे दुमडलेले. पाण्याच्या ग्लासावर कागदाची टोपी. साबण नवा, वेष्टनात. आणि पलंगाच्या बरोबर मधोमध, टॉवेलचा घडवलेला पांढरा हंस. मान वाकवून बसलेला.

"हंस कशाला गं?" मी विचारलं.

"कुणाला तरी वाटावं, आपण येणार म्हणून कुणीतरी वाट बघत होतं."

मी पुढचा टॉवेल तिच्या हातात दिला.

पहिल्या आल्या त्या मायलेकी; नवऱ्याच्या घरातून निघून बसस्टॉपवर दिवस काढणाऱ्या. मग एक म्हातारा रखवालदार, ज्याची नोकरी गेली तशी नोकरीबरोबरची खोलीही गेली. मग भाजीच्या बाजारात ओझी उचलणारे दोघे भाऊ. आणि सात नंबरमध्ये छत्रीवाले काका. ताईने त्यांना स्वतः वर नेलं. ते उंबऱ्याशी थांबले, वहाणा काढल्या, त्या हातात घेऊन आत गेले, आणि ठेवायला जागा न सापडून तशाच धरून उभे राहिले.

"ठेवा की कुठेही," ताई म्हणाली.

"खोली फार चांगली आहे हो," काका म्हणाले. इतक्या अदबीने, की मला उगाचच वाईट वाटलं.

रोज सकाळी नऊला, माणसं कामाला गेली की, ताई आपली सगळी कुलपं उघडणारी किल्ली घेऊन वर जायची. टकटक, आणि आत. हॉटेलात काम केलेल्या बाईचं ठोठावणं आणि आत शिरणं एकाच श्वासात होतं. तासाभरात खोल्या आरशासारख्या. चादर बदललेली, ग्लासाला नवी टोपी, साबण नवा, हंस नवा. खाली येऊन म्हणायची, "झाल्या माझ्या लेकी न्हाऊन-माखून."

पाचव्या दिवशी ओझीवाले भाऊ गेले. भांडण नाही, तंटा नाही. किल्ली टेबलावर, टॉवेल घडी करून. आठवड्याने रखवालदार गेला. मग आणखी दोघं आली, आणि गेली. मायलेकी तेवढ्या राहिल्या, पण त्यांची पिशवी दाराशी बांधून ठेवलेली असायची; जणू स्टेशनवर बसल्यात.

ताईला काही उमजेना. तिने प्रत्येक खोली पुन्हा तपासली. "एक डाग नाही. नळ गळत नाही. एक झुरळ नाही. मग जातात का?"

"एखादं झुरळ सोडून बघू का?" मी म्हटलं. "निदान सोबत होईल."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्याने मशीनमध्ये साबण घालायला लागले. चार महिने संपत आले होते. मालकांचा माणूस एकदा येऊन खिडक्यांची मापं घेऊन गेला होता.

आणि मग एका दुपारी सात नंबरची किल्लीही टेबलावर सापडली.

ताई खाली आली ती पायऱ्या मोजल्यासारखी. "काका गेले," म्हणाली. चेहरा असा, की मी मशीन बंद केलं. बाकीचे गेले तेव्हा तिला राग आला होता. आता नुसती हरली होती. ज्या माणसापासून हे सुरू झालं, तोच पुन्हा रस्त्यावर. मग सहा महिने काय आणि साठ वर्षं काय.

"चल," मी म्हटलं. "विचारू तरी."

काका पोस्टाच्या बाजूच्या छपराखाली बसले होते. गुडघ्यांत उलटी छत्री, दातांत तार. आम्हाला पाहून तार काढली आणि जरासे सरकले, पाहुण्यांना जागा द्यावी तसे. आम्ही बसलो.

"काका, आमचं काही चुकलं का?" ताईने विचारलं.

"छे छे. खोली फार चांगली होती."

"ते तुम्ही पहिल्या दिवसापासून म्हणताय. आता खरं सांगा."

काकांनी छत्री उघडली, एक काडी वाकवून पाहिली, पुन्हा मिटली. बोलायला त्यांना हातात काम लागायचं.

"कसं सांगू? मी डाव्या कुशीवर झोपतो. रात्रभर झोपलं, की गादीला जरा खळगा पडतो. सकाळी निघताना मी तो बघायचो. म्हणायचो, चला, इथे एक माणूस निजला होता. संध्याकाळी परत येऊन बघतो, तर पाटी कोरी. वहाणा ठेवल्या तिथे नाहीत, काड्या मांडल्या तशा नाहीत. रोज संध्याकाळी दार उघडलं, की खोली विचारायची, आपण कोण?"

ताईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"रस्त्याचं असंच असतं बाई. सकाळी पाणी मारतात, आपण तिथे नव्हतोच. तुम्हीच नाही का मारायचात? मला त्याचा राग नाही, चहा द्यायचात तुम्ही. पण तेव्हा बाहेरून पुसायचात, आता आतून पुसायला लागलात."

मी ताईकडे बघायचं टाळलं. काकांना बहुतेक कळलं, की जरा जास्तच लागलं, ते घाईघाईने म्हणाले, "आणि तो तुमचा हंस. एवढा सुबक, मोडायला हात होईना. दोन महिने मी अंग सदऱ्याने पुसलं."

ताई हसली. मग तोंडाला पदर लावला, आणि पदराआड ती हसत होती की काय करत होती, ते मला आजही सांगता यायचं नाही.

परतताना ती इतक्या भराभर चालली, की मला धाप लागली. कोपऱ्यावर एकदम थांबली. "धाकटे, तीस वर्षं मी कशाचा पगार घेतला, सांगू? माणसाच्या खुणा पुसायचा. आणि त्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता."

"ती नोकरी होती ताई."

"हो ना. नोकरी संपली, हात थांबले नाहीत."

दुसऱ्या दिवशी तिने माझ्या नवऱ्याला बोलावलं. आमचे हे सुतार. बोलणं कमी, शंका फार. ताईने सांगितलं, बाराही दारांची कुलपं बदला. प्रत्येकाची किल्ली वेगळी, आणि ती त्या खोलीतल्या माणसाकडेच.

"एक जादा किल्ली आपल्याकडे असू द्या, ताई."

"नको."

"आत कुणी चक्कर येऊन पडलं तर?"

"तर तुम्ही कुऱ्हाड घेऊन या. सुतार आहात ना?"

ते माझ्याकडे वळले. मी खांदे उडवले. मला का विचारता, मीही त्याच घरची.

नियम एकच ठरला. दार ठोठावायचं, 'या' म्हटलं तर आत जायचं, नाही तर परत फिरायचं. ऐकायला सोपा. पण माझ्या बहिणीला तो अंगी बाणवायला पंधरा दिवस लागले. बोटं दारावर टकटक करायची आणि कोपर आपोआप दार ढकलायला जायचं. कुलूप बंद, म्हणून बरं. शेवटी ती दोन्ही हात मागे बांधून उभी राहायला शिकली. नऊ वाजले, की तिचा जीव वरखाली व्हायचा. खाली माझ्यासमोर उभी राहून एकच चादर तीन-तीनदा घडी करायची. मी म्हणायचे,

"घडीवर घडी घाल, मन घाल घडीमधी,
वर कुणी चादर गं चुरगाळली किती साधी..."

"पुरे," ती म्हणायची. "कळतंय मला."

काकांना तिने जाऊन एवढंच सांगितलं, "तुमची खोली आता मला उघडत नाही." ते म्हणाले, बघतो. सहा दिवसांनी आले. खांद्यावर पत्र्याची पेटी होती. ती कुणाकडे तरी ठेवलेली असावी. इतकी वर्षं आम्ही ती कधी पाहिली नव्हती. गादी, दोन उश्या, घडी केलेल्या चादरी एवढंच आम्ही दिलं. अंथरायच्या त्यांनी.

त्याच संध्याकाळी त्यांनी वरून वाकून विचारलं, "बाई, भिंतीत एक खिळा ठोकू का?"

ताईने वर पाहिलं. ती रंगवलेली भिंत तिने स्वतः पुसून घेतलेली. "भिंत तुमची आहे," ती म्हणाली.

मग वरून हातोडीचे ठोके आले. एक, दोन, तीन. मी मोजत होते, ताई डोळे मिटून ऐकत होती. चौथ्या ठोक्याला थोडं प्लास्टर पडल्याचा आवाज आला आणि तिने ओठ चावला. पण जागची हलली नाही.

खिळ्यांची गोष्ट रस्त्यावर कशी पसरली कोण जाणे. रखवालदार परत आला. ओझीवाले भाऊ आले. एक नर्स आली, दोन वर्षं गाडीत राहिलेली. तिने सांगितलं, गाडी विकून मी पडदे घेणार आहे. एकजण आला, त्याने फक्त विचारलं, "आतून कडी आहे का?" आणि हो म्हटल्यावर लगेच सामान आणायला गेला. मायलेकींची पिशवी दाराजवळून दिसेनाशी झाली. मग मजल्यावर आवाज यायला लागले. भांडी पडल्याचा, रेडिओचा, दार आपटून 'मी बोलणार नाही जा' म्हटल्याचा. खिडकीत कुणाची चड्डी वाळत पडली. ती दर्शनी भागावर, रस्त्याच्या बाजूला. ताई समोरच्या फुटपाथवर उभी राहून ती बघत होती, लोक नवस फेडायला आल्यावर बघतात तशी.

मग मालक आले. सांगितल्या दिवशी, सकाळी साडेदहाला. सोबत चामड्याची पिशवी, त्यात दोन कागद: एक करार, एक विक्रीचा. दोन्ही आणल्याचं त्यांनी लपवलं नाही.

"सात खोल्या महिन्याच्या वर भरलेल्या आहेत," ताई म्हणाली. "ही वही."

"वही नको. डोळ्यांनी बघणार म्हणालो होतो. उघडा खोल्या."

"माझ्याकडे किल्ल्या नाहीत."

मालकांना ही चेष्टा वाटली. मग वाटेनाशी झाली. आम्ही वर गेलो. दोन-तीन दारांवर ताईने ठोठावलं, माणसं कामावर. पाच नंबरचं दार वीतभर उघडलं. मायलेकींतली आई ओठावर बोट ठेवून म्हणाली, "पोरगी तापाने फणफणलीय, आत्ताच डोळा लागलाय," आणि दार लागलं. मालकांनी घड्याळात पाहिलं. दाराबाहेरून काय दिसणार? एखादी वहाण, एखादं पायपुसणं. तेवढ्यावर कुणी दहा वर्षांचा कागद करतं का?

सात नंबर. ताईने ठोठावलं आणि हात मागे बांधले.

"कोण?"

"मी, काका. मालक आलेत. खोली बघायची म्हणतात."

आत काहीतरी धातूचं खाली ठेवल्याचा आवाज आला. मी मनात म्हणत होते, उघडा काका, या एकदाच उघडा, सगळं यावर आहे.

"आत्ता नको," काका आतून म्हणाले. "काम पसरलंय. चारनंतर या."

मालक लाल झाले. "ही माझी इमारत आहे."

"इमारत तुमचीच आहे, साहेब," आवाज शांत होता, जराही चढलेला नव्हता. "पण चारनंतर."

ताईने पुन्हा ठोठावलं असतं, नुसतं 'काका, माझ्यासाठी' म्हटलं असतं, तर त्यांनी उघडलं असतं. मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. बारा खोल्या त्या एका टकटकीवर टांगलेल्या होत्या. मी तिचे हात बघत होते. पाठीमागे एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं, की बोटं पांढरी पडली होती.

तिने ठोठावलं नाही.

"बाई," मालक म्हणाले, "हा माणूस इथे टिकलाय, हे मी कशावरून मानू?"

ताई त्यांच्याकडे वळली. माझी बहीण पाच फूटही नाही, पण त्या अरुंद वाटेत ती मला उंच दिसली. "मालक, एवढी वर्षं तुम्ही हॉटेल चालवलंत. कुठल्या पाहुण्याने तुम्हाला 'चारनंतर या' म्हटलंय?"

मालकांनी बंद दाराकडे पाहिलं, मग वाटेतल्या बाकीच्या दारांकडे. आतून पुन्हा पक्कडीचा आवाज सुरू झाला; काका कामाला लागले होते, आम्ही गेलोच असं धरून. मालक जिना उतरले. पिशवी घेऊन फाटकाबाहेर पडले.

"गेलं," मी म्हटलं.

"काय गेलं? मशीन थांबलंय, चल."

त्या दिवशी दवाखान्याचे टॉवेल आम्ही दोनदा धुतले. पहिल्यांदा साबणच घातला नव्हता.

चार वाजून पाच मिनिटांनी फाटक वाजलं. मालकच होते, हातात तीच पिशवी. तडक जिना चढले. आम्ही मागोमाग, चार पायऱ्या सोडून. सात नंबरपुढे ते थांबले, सदरा सारखा केला आणि स्वतःच्या इमारतीतल्या दारावर स्वतः टकटक केली. मग एक पाऊल मागे सरकले आणि थांबले.

"या, या," आतून काका म्हणाले. "वहाणा राहू द्या, चालेल."

मालकांनी वहाणा काढल्या. दार उघडलं, ते आत गेले, दार लागलं. आतून पेटी सरकवल्याचा आवाज आला, मग 'बसा इथे', मग मालकांचं हसणं, जे मी तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. थोड्या वेळाने ते बाहेर आले. टेबल मिळालं नाही, म्हणून भिंतीला कागद लावून दहा वर्षांच्या करारावर सही केली आणि तो ताईच्या हातात दिला.

ते गेल्यावर मी विचारलं, "ताई, आतून कशी दिसते गं ती खोली? मालकांनी सांगितलं का काही?"

"नाही."

"विचारायचंस ना. आपण मेलं एवढं केलं, आणि आपल्यालाच ठाऊक नाही."

"मला काय माहीत आत काय आहे," माझी बहीण म्हणाली. एखादीने सोन्याच्या पाटल्या दाखवाव्यात, अशा तोऱ्यात म्हणाली, आणि कागद छातीशी धरून जिना उतरायला लागली.